चढणीचे मासे

पावसाळ्याच्या तोंडावर अंडी घालण्यासाठी नदी, तलाव किंवा डोहातून प्रवाहाविरुद्ध वर चढणारे गोड्या पाण्यातील मासे. त्यांना पकडण्याच्या हंगामालाही नुसते ‘चढण’ म्हणतात. कोल्हापूर जिल्ह्यात मृग नक्षत्राचा (7 जूनच्या सुमारास) दमदार पाऊस होऊन ओढ्यांना गढूळ पाणी आले की चढण सुरू होते. पाऊस लांबला तर तीही लांबते.

कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांच्या संगमातून प्रयाग चिखलीजवळ पंचगंगा आकार घेते आणि नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. कोल्हापूरच्या पूर्वेचा गडमुडशिंगीचा (ता. करवीर) परिसर याच खोऱ्यात येतो. उन्हाळाभर कोरडे असणारे ओढे आणि शेताकडेचे चर पहिल्या पुरात नदीशी जोडले जातात. पाण्याचा गारवा, गढूळपणा आणि ओढ यांमुळे मासा प्रजननाला प्रवृत्त होतो. वर उथळ पाण्यात मोठे भक्षक कमी असतात आणि नव्याने भिजलेल्या मातीत पिलांना खाद्य भरपूर मिळते. कटला, रोहू, मृगळ हे मुख्यतः उत्तरेकडील नद्यांतले मासे बीज सोडल्यामुळे इकडे पसरले. त्यांची मादी लाखांनी अंडी देते; पण वाहत्या पुराची चाहूल लागल्याशिवाय देत नाही. म्हणूनच साठवलेल्या तळ्यात त्यांचे प्रजनन होत नसे. 10 जुलै 1957 रोजी हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओडिशात पिट्यूटरी ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन ते घडवून आणले आणि मत्स्यबीज केंद्रांचा मार्ग मोकळा झाला.

मरळीची रीत वेगळी. ती हवेतून श्वास घेऊ शकते, त्यामुळे ओल्या जमिनीवरूनही थोडे अंतर सरकत जाते. उथळ पाण्यातील गवतात ती घरटे करते, आणि पिले थव्याने फिरू लागली तरी आईबाप त्यांची राखण करतात. अशी राखणीवरची मरळ मारली की सारा थवा इतर माशांच्या तोंडी जातो.

चढणीचे मासे पकडायला भोई समाजातील पट्टीचे मासेमार जसे उतरतात, तसेच एरवी पाण्याकडे न फिरकणारे शेतकरी आणि पोरेही. रात्री बत्ती घेऊन ओढ्यात उतरायचे, बांधाच्या फटीला जाळे किंवा बुट्टी लावायची, ही जुनी पद्धत. या दिवसांत गाभोळी भरलेल्या माशाला मोठी मागणी असते, आणि खरे नुकसान तिथेच होते: पोटात अंडी घेऊन निघालेली मादीच जाळ्यात येते. पूर्वी या जुन्या पद्धतीतून बरेच मासे निसटत. आता विजेचा करंट देणे, पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकणे अशा प्रकारांत लहान-मोठे काहीच उरत नाही. स्फोटके आणि विष वापरून मासे मारणे 1897 च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यानेच गुन्हा ठरवले होते.

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) पावसाळ्यापूर्वी काढतात, त्यामुळे पुराच्या दिवसांत माशांना वाट मिळते. मोठ्या धरणाच्या भिंतीत ती सोय नाही. उन्हाळ्यात पंचगंगेत सांडपाणी साचून पाण्यातील प्राणवायू घटतो. तेरवाड बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचे खच अनेकदा पडले आहेत. म्हणजे चढणीपर्यंत जगणारा मासाही कमीच. याउलट 1952 साली भारतात आणलेल्या चिलापीला (टिलापिया माशाला) चढणीची गरज नाही. ती साचलेल्या पाण्यात वर्षातून अनेकदा वीण देते आणि पिले तोंडात सांभाळते. गावतळ्यात तिची गर्दी होते, हे नवल नाही.

आयर्लंडमधील लॉख कॉरिब सरोवरातला रानटी ब्राऊन ट्राउट हा मासाही असाच ओढ्यांत चढतो, पण शरदाच्या अखेरीस आणि हिवाळ्यात. तिथे मासेमारीचा हंगाम 15 फेब्रुवारी ते 30 सप्टेंबर असतो. मासा अंडी घालायला निघण्याआधी गळ बंद होतात. आपल्याकडे समुद्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते आणि ती पाळलीही जाते. ओढ्याच्या माशाला मात्र नेमक्या त्याच दिवसांत गाठले जाते. पहिल्या पुराचे चार-आठ दिवस जाळे न लावण्याचा नियम एखाद्या ग्रामसभेने केला, तर त्याला पैसाही लागणार नाही. करवीर तालुक्यातील गावांनी तो करून पाहावा.