सुरी कोणाची, लेखणी कोणाची?

प्रेताला हात लावणे हे आपल्या देशात विद्येचे काम कधी मानले गेले नाही. ते जातीचे काम मानले गेले. न्यायवैद्यकाचा इतिहास सांगणारे बहुतेक जण ही गोष्ट टाळून १८३६ पासून सुरुवात करतात. त्या साली कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात मधुसूदन गुप्त या वैद्य जातीच्या शिक्षकाने शवविच्छेदन केले, आणि शतकांचा निषेध मोडणारा पुरुष म्हणून त्यांचा गौरव झाला. गौरव योग्यच आहे. पण तो निषेध होता वरच्या जातींपुरता. ज्यांच्या वाट्याला प्रेतच वाढून ठेवले होते, त्यांच्यासाठी मोडायला निषेध नव्हता. त्यांच्यावर सक्ती होती.

महाराष्ट्रात या सक्तीचे नाव वतन. मेलेली ढोरे ओढायची, परगावी मौतीची खबर न्यायची, आणि बदल्यात मढ्यावरचे कापड घ्यायचे. याला 'हक्क' म्हणायचे! माझा आजा नाशिक जिल्ह्यातल्या एका खेड्यात येसकरकी करायचा. विहिरीत प्रेत तरंगले की ते काढायला त्यालाच बोलावणे यायचे, आणि एरवी त्याच विहिरीच्या पाण्याला हात लावायची त्याला बंदी. प्रेत बाहेर आले की तो पुन्हा अस्पृश्य. २ मार्च १९३० ला नाशकात काळाराम मंदिराच्या दारावर सत्याग्रही उभे राहिले, तेव्हा मूर्तीला शिवायला मनाई असलेले हेच हात होते. दगडाचा देव ज्यांच्या स्पर्शाने बाटतो, माणसाचे प्रेत मात्र त्यांनीच हाताळायचे, असे हे धर्मशास्त्र.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाविरुद्ध बिल मांडले. महार वतने प्रत्यक्षात गेली ती १९५८ च्या कायद्याने. वतन गेले, पण काम गेले नाही. ते वेशीपासून निघून सरकारी दवाखान्याच्या मागच्या बाजूच्या, पत्र्याच्या दाराच्या खोलीत आले.

कायद्याचे शब्द पाहा. अकस्मात मृत्यूची नोंद झाली की पोलिसाने मरणोत्तर पंचनामा करायचा आणि संशय असेल तर प्रेत सिव्हिल सर्जनकडे किंवा अधिकारप्राप्त डॉक्टरकडे तपासणीस पाठवायचे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १७४ हेच सांगत होते. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १९४ तेच सांगते. कागदावर तपासणी डॉक्टरची. पण हनुवटीपासून ओटीपोटापर्यंत छेद कोण घेतो? करवतीने कवटी कोण उघडतो? जठर, आतड्याचा तुकडा, यकृत, मूत्रपिंड काढून मिठाच्या द्रावणात बरणीबंद कोण करतो? तालुक्यातालुक्यांत हे काम करणारा माणूस हजेरीपटावर सफाई कामगार असतो. डॉक्टर टेबलापाशी, कधी दारापाशी उभा राहून विचारतो आणि लिहितो. सुरी एकाच्या हातात, लेखणी दुसऱ्याच्या.

युरोपातही हे होते. प्राध्यापक उंच आसनावरून ग्रंथ वाचायचा आणि खाली न्हावी प्रेत चिरायचा. १५४३ साली व्हेसॅलियसने आपल्या शरीररचनेच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत या प्रकारावर कडाडून टीका केली आणि स्वतः सुरी हातात घेतली. त्यातून आधुनिक शरीरशास्त्र उभे राहिले, कारण पाहणारा डोळा आणि चिरणारा हात एका माणसाचे झाले. आपण त्यांचे पुस्तक घेतले, टेबल घेतले, आणि आसन व न्हावी ही जुनी जोडी मात्र जातीच्या सोयीने जपून ठेवली. श्रमविभागणी आणि श्रमिकांची विभागणी यांत बाबासाहेबांनी १९३६ साली जो भेद दाखवला, तो पाहायला ग्रंथालयात जाण्याचीही गरज नाही. कोणत्याही पी. एम. रूमच्या दारात पाच मिनिटे उभे राहावे.

हा प्रश्न माझ्यापुढे आला तो एका विद्यार्थिनीच्या अर्जाने. न्यायसहायक विज्ञान शिकणाऱ्या या मुलीला शवविच्छेदनाच्या कामात इंटर्नशिप करायची होती आणि शिफारसपत्र हवे होते. तिचा काका एका ग्रामीण रुग्णालयात पंचवीस वर्षे हेच काम करतो. आई म्हणाली, "सर, ज्या घाणीतून पोरीला काढायला आम्ही शिकवलं, तिथंच ती पुन्हा जाते म्हणती." त्या माउलीचा संताप मला पटतो. तरी मी पत्र दिले. कारण मुलगी म्हणाली, "काकाला गळ्यावरचा वळ बघूनच कळतं. पण त्याला कुणी विचारत नाही, आणि त्याला लिहिता येत नाही."

त्या वळाचे थोडे सांगतो. फाशी घेतलेल्याच्या गळ्यावरचा वळ सहसा वरच्या बाजूला, तिरका चढत गेलेला आणि गाठीपाशी तुटलेला असतो. गळा आवळून मारलेल्याचा वळ बहुधा आडवा आणि गळ्याभोवती पूर्ण फिरलेला असतो. वाडीवस्तीवरची पोरगी झाडाला लटकलेली सापडते आणि गाव एकमुखाने आत्महत्या म्हणते, तेव्हा हा तिरका-आडवा फरक कोणी पाहिला आणि कोणी लिहिला, यावर सगळा खटला उभा असतो. पंचनाम्याला कायदा शेजारचे दोन वा अधिक प्रतिष्ठित रहिवासी मागतो. गावात प्रतिष्ठित कोण, हे या पानांच्या वाचकाला सांगायला नको.

२९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांना मारले. पहिल्या शवविच्छेदनावर इतके आक्षेप आले की पुरलेली प्रेते उकरून पुन्हा तपासावी लागली. तोवर शरीराने जे सांगायचे त्यातले बरेच मातीत गेले होते. खटल्यात लैंगिक अत्याचाराचा आरोप टिकला नाही, अत्याचार प्रतिबंधक कायदाही टिकला नाही. आता उलटे उदाहरण. १५ डिसेंबर २०२४ ला परभणीत सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी न्यायालयीन कोठडीत मेला. मारहाण झालीच नाही, असे सरकार विधानसभेत म्हणाले. पण छत्रपती संभाजीनगरला झालेल्या शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात अनेक जखमांमुळे आलेला शॉक असे कारण लिहिलेले होते. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने गुन्हा नोंदवायचा आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. कोठडीतल्या मृत्यूचे शवविच्छेदन चित्रित करावे, असे मानवाधिकार आयोग १९९५ पासून सांगतो आहे. मोर्चा लाखाचा निघो, सरकारला खोटे पाडायला त्या अहवालातली एक ओळ लागली.

ती ओळ लिहिणाऱ्यांत आपली माणसे किती? नाशकात १९९८ पासून आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. राज्यभरच्या वैद्यकीय परीक्षा इथून चालतात. २०२१ च्या नियमांनी एम.बी.बी.एस.च्या इंटर्नला न्यायवैद्यकात एक आठवडा दिला. एक आठवडा! वळ ओळखायला काकाची पंचवीस वर्षे गेली. दुसरीकडे नव्या संहितेने सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैज्ञानिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे बंधनकारक ठरवून राज्यांना अंमलबजावणीसाठी पाच वर्षांची मुदत दिली. म्हणजे जागा निघणार आहेत. त्या भरताना आमची मुले कलेक्टरच्या परीक्षेच्या रांगेतच उभी असतील, ही मला भीती.

आणि जागा निघाल्या म्हणजे जात जाते असेही नाही. २०२१ साली कलकत्त्याच्या नीलरतन सरकार मेडिकल कॉलेजाने न्यायवैद्यक विभागात सहा जागांची जाहिरात दिली. पदाच्या नावातच कंसात 'डोम' हा शब्द होता, सरळ जातीचे नाव. अर्ज आले आठ हजारांच्या आसपास; त्यांत इंजिनियर होते, पदव्युत्तर होते. भूक लागली की जात पदनाम म्हणूनही स्वीकारली जाते, पण पदनाम बदलण्याची मागणी अर्जदार कशी करणार? ती संघटनेने करायची.

म्हणून इंटर्नशिपला जाणाऱ्या विद्यार्थ्यांना मी सांगतो की नुसते पाहून येऊ नका. टेबलाशी काम करणाऱ्याला नावाने हाक मारा, त्याला हातमोजे, मास्क, लस मिळते का विचारा, त्याचे पद काय आणि पगार कोणत्या पदाचा हे वहीत टिपा. त्याने काय पाहिले आणि अहवालात काय उतरले, हे शेजारीशेजारी लिहा. अशा वह्या नाशिक, धुळे, जळगावमधून जमल्या तर जे सत्य कोणत्याही खात्याच्या फायलीत नाही ते आपल्या हाती येईल, आणि सफाई कामगार म्हणून सुरी धरणाऱ्याला तंत्रज्ञाचे प्रशिक्षण, तंत्रज्ञाचे पद आणि तंत्रज्ञाचा पगार मागताना कार्यकर्त्याच्या हातात नुसती घोषणा नसेल.