पदकाच्या कडेला नाव नसतं तेव्हा

जुन्या पदकांच्या लिलावाच्या साइट्स चाळल्यात तर हा फोटो कधी ना कधी समोर येतोच. पांढऱ्या कापडावर ठेवलेला क्रॉस, वर मुकुट, मधोमध नखाएवढं राजचिन्ह. खाली एक ओळ: 'स्पेन, लष्करी पदक, जुनं.' कोणाचं होतं, कधीचं आहे, कशाबद्दल दिलं, यातलं काहीच लिहिलेलं नसतं.

मी सॉफ्टवेअरच्या धंद्यातला माणूस. कुठलीही फाइल उघडली की ती कोणी, कधी आणि का बदलली हे आधी बघायचं, ही हाताची सवय. स्पॅनिश पदकांचा नाद मला या सवयीमुळेच लागला. कारण इथे फाइल समोर असते, पण बदल कोणी केले त्याची नोंद गायब असते. ती नोंद धातू, मीनाकाम आणि फितीच्या रंगावरून पुन्हा उभी करावी लागते.

आपल्याकडची गोष्ट वेगळी आहे. साताऱ्याच्या अपशिंग्यासारख्या फौजी गावात एखाद्या घरी पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश पदक निघालं, तर ते आडवं धरून कडेवरून बोट फिरवायचं. तिथे शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. साम्राज्याने बाकी काही दिलं असो वा नसो, नाव लिहून ठेवलं. स्पेनच्या पदकांच्या कडा मात्र बहुतेक कोऱ्याच असतात. सरकार सन्मान जाहीर करायचं, कागद द्यायचं आणि पदक बरेचदा ज्याचं त्याने सोनाराकडून किंवा पदकं बनवणाऱ्या दुकानातून विकत घ्यायचं. माद्रिदमध्ये थेखाल्वो, बार्सिलोनात कास्तेल्स अशा पेढ्या या कामासाठी प्रसिद्ध होत्या.

त्यामुळे एकाच पदकाची दहा रूपं सापडतात. एकाचा मुकुट जाड, दुसऱ्याचा नाजूक. एकाचं मीनाकाम आरशासारखं, दुसऱ्याचं पिठूळ. नवखा माणूस असा फरक दिसला की 'नकली' म्हणून मोकळा होतो. पण स्पॅनिश पदकांत फरक असणं हेच नेहमीचं. म्हणून नुसत्या फरकावर निकाल देता येत नाही, तो कुठला फरक आहे हे बघावं लागतं.

आधी मुकुट बघा

सगळ्यात जास्त सापडणारं पदक म्हणजे 'मेरितो मिलितार', लष्करी गुणवत्तेचा क्रॉस. राणी इसाबेल दुसरी हिने तो 1864 मध्ये सुरू केला. युद्धातल्या कामगिरीला लाल, शांततेच्या काळातल्या कामाला पांढरा. मागच्या बाजूला 'एम एम' ही अक्षरं. हा क्रॉस आजही दिला जातो. म्हणजे दीडशेहून जास्त वर्षं साधारण एकच आकार. मग वर्ष कसं ओळखायचं?

मुकुटावरून. स्पेनने या काळात जितक्या राजवटी बदलल्या तितक्या वेळा या छोट्या क्रॉसचं डोकं बदललं. इसाबेलच्या काळात राजमुकुट आणि राजचिन्हाच्या मध्यभागी बूर्बों घराण्याची तीन लिली फुलं. 1868 च्या क्रांतीत राणी फ्रान्सला पळाली आणि राजमुकुट गेला. त्याजागी किल्ल्याच्या तटबंदीसारखा दिसणारा मुकुट आला, राजाविना राष्ट्राची खूण म्हणून. मग इटलीच्या सावॉय घराण्यातून आमादेओ नावाचा राजा आणला गेला आणि राजचिन्हाच्या मध्यभागी त्याच्या घराण्याचा क्रॉस बसला. दोन वर्षांत तो कंटाळून निघून गेला. 1873 मध्ये पहिलं प्रजासत्ताक, पुन्हा तटबंदीचा मुकुट. 1875 पासून बूर्बों परत, त्यांचा मुकुट आणि फुलंही परत. 1931 मध्ये दुसरं प्रजासत्ताक, पुन्हा तटबंदी. फ्रँकोच्या राजवटीत राजचिन्हावर मुकुट परतला, पण फुलं नाही परतली, कारण सिंहासनावर राजा नव्हता. फ्रँको 1975 मध्ये वारला, गादीवर पुन्हा बूर्बों बसला आणि पुढे फुलंही आली.

हे सगळं दोन-तीन सेंटिमीटरच्या जागेत. शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकात ज्याला एक प्रकरण लागतं, ते इथे भिंगाखाली दिसतं.

पण मुकुटही फसवतो. तटबंदीचा मुकुट 1869 चा असू शकतो, 1873 चा आणि 1937 चाही. मग घडणीकडे, धातूकडे, कडीच्या जोडाकडे बघावं लागतं. दुसरा सापळा 'सान एर्मेनेखिल्दो' या ऑर्डरचा. फेर्नांदो सातव्या राजाने 1814 मध्ये ती अधिकाऱ्यांच्या दीर्घ आणि निष्कलंक सेवेसाठी काढली. तिच्या मागे त्याच्या नावाचं 'एफ' आणि रोमन सात कोरलेलं असतं. विकणारे ते बघून बिनधास्त '1814 चं' म्हणतात. पण ती अक्षरं ऑर्डरच्या संस्थापकाची आहेत आणि आजच्या क्रॉसवरही तीच असतात. ती वर्ष सांगत नाहीत.

राजा नसताना निघालेला सर्वोच्च सन्मान

स्पेनचा शौर्याचा सर्वोच्च सन्मान म्हणजे सान फेर्नांदोची 'लाउरेआदा': चार तलवारींचा क्रॉस आणि भोवती लॉरेलच्या पानांचं कडं. त्याचा जन्मच गमतीशीर आहे. साल 1811. नेपोलियनच्या फौजा देशभर पसरलेल्या, राजा फेर्नांदो फ्रान्समध्ये नजरकैदेत आणि कादिझ या बंदराच्या शहरात वेढ्यात अडकलेली स्पेनची संसद. त्या संसदेने 31 ऑगस्टला हा सन्मान निर्माण केला. यात नवं काय होतं? तो साध्या शिपायालाही मिळू शकत होता. तोवरच्या मोठ्या लष्करी ऑर्डरींत शिरायला खानदान सिद्ध करावं लागायचं. इथे काय केलं ते सिद्ध करायचं होतं.

आणि सिद्ध म्हणजे खरोखरच सिद्ध. या सन्मानासाठी एक चौकशी होते. अधिकारी नेमला जातो, साक्षीदार बोलावले जातात आणि मुद्दाम विरोधातली साक्षही घेतली जाते. 'हा माणूस शूर होता' म्हणणाऱ्याइतकंच 'नव्हता' म्हणणाऱ्याचं ऐकायचं. आमच्या कामात कोड मंजूर होण्याआधी दुसऱ्याने त्यात चुका शोधायच्या असतात, त्याचाच हा दोनशे वर्षांपूर्वीचा लष्करी अवतार म्हणा.

1814 मध्ये राजा परतला, त्याने कादिझच्या संसदेचं काम मोडीत काढलं, संविधान रद्द केलं. हा सन्मान मात्र त्याने ठेवला. पुढच्या वर्षी नवे नियम करून तो आपलासा केला. संसद नको होती, तिने काढलेलं पदक चाललं.

त्या चौकशीची खरी किंमत कळते ती एका नकारातून. 1916 मध्ये मोरोक्कोत एल बिउत्झच्या लढाईत फ्रान्सिस्को फ्रँको नावाचा तरुण कॅप्टन पोटात गोळी लागून गंभीर जखमी झाला. त्याचं नाव सान फेर्नांदोसाठी गेलं. चौकशी झाली, उत्तर आलं: नाही. त्याला बढती मिळाली, क्रॉस मिळाला नाही. मग यादवी युद्ध झालं, ते तो जिंकला आणि 19 मे 1939 रोजी माद्रिदच्या विजय संचलनात त्याच्या छातीवर तोच क्रॉस लागला. लावणारा होता जनरल बारेला, ज्याने स्वतः मोरोक्कोत तो दोनदा मिळवला होता.

दोन्ही क्रॉस टेबलावर शेजारी ठेवले तर साध्या डोळ्यांना फरक दिसणार नाही. फरक आहे तो कागदात.

हाच नियम उलट्या दिशेनेही चालतो. 1921 मध्ये मोरोक्कोत आन्वालच्या पराभवात आल्कांताराच्या घोडदळाने पळणाऱ्या फौजेची पाठ राखताना जवळपास सगळी रेजिमेंट गमावली. त्या रेजिमेंटला सामूहिक लाउरेआदा मिळाली 2012 मध्ये, 91 वर्षांनी. घेणारा कोणीच जिवंत नव्हता, पण फाइल होती.

साडेसात पेसेता

संग्राहकांच्या बाजारात नाव असलेल्या माणसाचं पदक महाग, बिननावाचं स्वस्त. म्हणून बिननावाच्या पदकाला नाव चिकटवण्याचा मोह मोठा. 'क्युबाच्या युद्धातल्या वीराचं', 'कोंडोर लीजनमधल्या जर्मन वैमानिकाचं', असं एक वाक्य जोडलं की भाव चढतो. धातू खरा असतो, गोष्ट नकली.

आणि ज्यांची गोष्ट अशी भाड्याने वापरली जाते ती माणसं कोण? 1895 ते 1898 या काळात क्युबात सुमारे दोन लाख स्पॅनिश शिपाई पाठवले गेले. ज्याच्याकडे 2000 पेसेता होत्या तो सरकारला भरून समुद्रापारच्या नोकरीतून सुटू शकायचा. ज्याच्याकडे नव्हत्या तो जहाजात चढायचा. मेलेल्यांपैकी बहुतेक जण गोळीने नाही, पीतज्वराने आणि इतर रोगांनी गेले. शिपायाला मिळायचा तो चांदीचा साधा क्रॉस, त्याला अधिकाऱ्यांच्या क्रॉससारखं मीनाकाम नसायचं. तो युद्धासाठी की शांततेसाठी, हे फितीवरून कळायचं: लाल फितीत पांढरा पट्टा किंवा पांढऱ्या फितीत लाल पट्टा. आता फीत कुजली किंवा कोणी बदलली, की हा माणूस लढला होता की नाही एवढंही सांगता येत नाही.

फिलिपिन्समधल्या बालेर गावच्या चर्चमध्ये स्पॅनिश सैनिकांची एक छोटी तुकडी 337 दिवस वेढ्यात राहिली, 2 जून 1899 पर्यंत. स्पेनने फिलिपिन्स अमेरिकेला देऊन टाकल्याला तेव्हा सहा महिने होत आले होते. आत बेरीबेरी आणि हगवणीने गोळ्यांपेक्षा जास्त माणसं मेली. बाहेरून निरोप आले, वर्तमानपत्रं आली. लेफ्टनंट सातुर्निनो मार्तिन सेरेसोला ती सगळी शत्रूने छापलेली बनावट वाटली. शेवटी एका अंकात त्याला एक क्षुल्लक बातमी दिसली: त्याच्या एका मित्राची मालागाला बदली. ही बदली मित्राला हवी होती, हे त्याला माहीत होतं. फसवणारा एवढी बारीक गोष्ट कुठून आणणार? पेपर खरा होता, म्हणजे युद्ध संपलं होतं.

खरं-खोटं ओळखण्याचा याहून चांगला धडा मला कुठल्या कॅटलॉगमध्ये सापडलेला नाही. मोठ्या खुणा सगळेच नकलतात: मुकुट, तलवारी, तारीख. जे नकलायचं कोणाच्या डोक्यातच येत नाही ते तपासायचं. कडी कशी जोडली आहे, मागच्या पिनेभोवतीची झीज जिथे व्हायला हवी तिथेच आहे का, फीत आणि धातू एकाच वयाचे आहेत का. आणि सोबत कागद असेल तर त्यातलं नाव युद्ध खात्याच्या छापील राजपत्रात किंवा सेगोव्हियाच्या लष्करी दप्तरखान्यातल्या सेवापुस्तिकेत सापडतं का.

मार्तिन सेरेसोला पुढे लाउरेआदा मिळाली. शरण जाण्याच्या आदल्या दिवशी त्याने फितुरीच्या आरोपावरून स्वतःच्या दोन शिपायांना गोळ्या घालायला लावल्या होत्या. क्रॉसवर हे दिसत नाही. वाचलेल्या शिपायांना मिळाला लाल फितीचा चांदीचा क्रॉस आणि महिना साडेसात पेसेता पेन्शन.

तसाच एखादा क्रॉस आजही कुठल्यातरी लिलावात पडून असेल आणि तो त्यांच्यापैकी एकाचा आहे हे कोणाला कळणार नाही. जो संग्राहक तो घेईल त्याने नोंदीत मुकुट लिहावा, धातू लिहावा, फीत बदलली आहे का ते लिहावं. नावाच्या रकान्यात मात्र काही भरू नये. तिथे अंदाजाने कोणाचं नाव घातलं, तर ज्याचा तो क्रॉस होता त्याची जागा कायमची गेली. रकाना रिकामा राहिला, तर उद्या सेगोव्हियात एखादा कागद सापडल्यावर तिथे त्याचंच नाव लिहिता येईल.