बाईकचे फूटरेस्ट खाली घ्यायचेत? आधी मोबाईलने गुडघ्याचा कोन मोजा

बीड ते अंबाजोगाई नव्वदएक किलोमीटर. मांजरसुंबा, नेकनूर, केजपर्यंत काही वाटायचं नाही, पण केज सोडलं की उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली ठणका सुरू व्हायचा. माझी उंची सहा फूट आणि गाडी १२५ सीसीची, साध्या कम्युटर प्रकारातली. गाडी तीच, रस्ता तोच, पण माझ्यापेक्षा पाच इंच बुटका असलेला धाकटा भाऊ तीच गाडी दिवसभर चालवून ताजातवाना घरी यायचा. म्हणजे दोष गाडीचा नव्हता, मापाचा होता.

उंच पोरांना हा त्रास सर्रास होतो आणि त्यावर 'फूटरेस्ट खाली घे' हा सल्लाही सर्रास मिळतो. सल्ला चुकीचा नाही. पण मी तो आधी चुकीच्या पद्धतीने अमलात आणला, मग बरोबर. दोन्ही सांगतो.

गुडघा नेमका का दुखतो?

गाडीवर आपलं शरीर तीन ठिकाणी टेकलेलं असतं: सीट, हँडल आणि फूटरेस्ट. गुडघा किती दुमडायचा हे सीट आणि फूटरेस्ट यांच्यातल्या अंतरावर ठरतं. पाय लांब आणि अंतर कमी, की गुडघा जास्त दुमडतो, आणि दुमडलेला गुडघा तासभर तसाच राहिला की वाटीच्या मागे दाब वाढत जातो. थिएटरमध्ये तीन तासांच्या सिनेमात पाय लांब करायला जागा नसली की उठताना गुडघा धरतो ना, तोच प्रकार.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या, कारण पुढचा सगळा हिशोब तिच्यावर आहे. गुडघ्याला फूटरेस्ट एक इंच खाली गेला काय किंवा सीट एक इंच वर आली काय, जवळपास सारखंच. रस्त्याला मात्र ते सारखं नाही.

मोबाईलने कोन कसा मोजायचा

गाडी सपाट जागेवर घ्या. मेन स्टँडवर लावू नका. मित्राला पुढून हँडल धरायला लावा. रोज घालता तेच बूट घालून, रोज बसता तिथेच बसा. दुसऱ्या मित्राने मोबाईल गुडघ्याच्या उंचीवर धरून तीन-चार मीटर लांबून, अगदी बाजूने फोटो काढायचा. जवळून काढला तर लेन्समुळे पाय वाकडे दिसतात आणि कोन खोटा येतो.

आता फोटो एडिटरमध्ये तीन ठिपके द्या: मांडीच्या वरच्या बाजूला हाताला लागणारं खुब्याचं हाड, गुडघ्याची मधली बाजू आणि घोट्याचं हाड. दोन रेषा जोडा आणि कोन मोजा. त्यासाठी प्ले स्टोअरवर कोनमापकाची ॲप्स आहेत. नाहीतर शाळेच्या कंपासपेटीतला कोनमापक स्क्रीनवर ठेवला तरी चालतो, मी तेच केलं. माझा कोन आला ८० अंश, भावाचा ९० च्या वर.

फूटरेस्ट आणि सीटमधलं अंतर एक इंचाने, म्हणजे २५ मिमीने वाढलं, की माझ्या मापाच्या पायाला कोन साधारण ४ अंशांनी उघडतो. ४ अंश ऐकायला किरकोळ वाटतात, पण तासाभरानंतर फरक कळतो. दीड-दोन इंचांचा हव्यास मात्र नको.

मी काय चुकलो

एका गॅरेजवाल्याने सांगितलं, "दादा, दीड इंच खाली घेतो, दहा मिनिटांचं काम." माझ्या गाडीत दोन्ही बाजूंचे फूटरेस्ट मिळून एकच लोखंडी पाइप आहे, इंजिनाच्या खालून गेलेला. त्याने तो गॅसवर लाल केला आणि दोन्ही टोकं खाली वाकवली. बसल्यावर पाय एकदम मोकळे झाले. मी खूश.

दुसऱ्याच दिवशी धारूरच्या घाटात उतरताना समोरून उसाचा ट्रॅक्टर आला. रस्ता अरुंद, वळण आंधळं. मी ब्रेक मारायला पाय उचलला आणि बुटाचं टोक ब्रेक पेडलच्या खाली अडकलं. फूटरेस्ट दीड इंच खाली गेला होता, पेडल होतं तिथेच होतं. पुढचा ब्रेक दाबून गाडी कशीबशी कडेला घेतली. ट्रॅक्टरवाल्याने काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दहा मिनिटांचं काम खरंच दहा मिनिटांत झालं होतं, फक्त अर्धंच झालं होतं. फूटरेस्ट हलला की ब्रेक पेडल आणि गिअर लिव्हर दोन्ही त्याच्याबरोबर हलले पाहिजेत. गिअर लिव्हर सोपा असतो: तो दातेरी शाफ्टवर बसतो, बोल्ट काढून एक दाता फिरवला की खाली येतो. टाच-पंजा अशा दोन टोकांचा लिव्हर असेल तर पुढचं टोक खाली जाताना मागचं वर येतं, तेही बघावं लागतं. ब्रेक पेडलला काही गाड्यांत उंचीचा स्टॉपर बोल्ट असतो. तो नसेल तर पेडल फारसं खाली येत नाही, आणि मग तुमचा फूटरेस्टही फारसा खाली जाऊ शकत नाही. मर्यादा तिथेच ठरते.

पेडल हलवल्यावर मागच्या ड्रम ब्रेकचा फ्री प्ले पुन्हा लावायचा. कम्युटर गाड्यांत तो बहुधा २० ते ३० मिमी असतो, पण तुमच्या गाडीच्या पुस्तकातला आकडा बघा. ब्रेक लाइटचा स्विच पेडलला स्प्रिंगने जोडलेला असतो, त्याची चकतीही फिरवावी लागते. नाहीतर लाइट कायम पेटलेला राहतो किंवा पेटतच नाही, आणि मागच्या ट्रकवाल्याला दोन्ही सारखेच धोक्याचे.

बऱ्याच मोठ्या गाड्यांत फूटरेस्ट, ब्रेक पेडल आणि डिस्कचा मास्टर सिलिंडर एकाच ॲल्युमिनियमच्या ब्रॅकेटवर असतात. अख्खा ब्रॅकेट खाली घेतला तर पेडल आपोआप खाली येतं, पण ब्रेकचा होज ताणला जात नाही ना हे तपासा. आणि असा ओतीव ब्रॅकेट कुणी गॅसवर गरम करायला निघाला तर गाडी तिथून बाहेर काढा. ओतीव ॲल्युमिनियम वाकत नाही, तडकतं.

वळणात किती जागा उरते?

हा हिशोब फारसं कुणी सांगत नाही. गाडी वळणात झुकते आणि कुठेतरी काहीतरी आधी टेकतं, बहुतेक वेळा फूटरेस्टचं टोक. माझ्या गाडीत ते टोक गाडीच्या मध्यरेषेपासून ३५ सेंमी बाहेर आणि जमिनीपासून ३० सेंमी वर होतं. म्हणजे गाडी साधारण ४१ अंश झुकल्यावर ते टेकणार. एक इंच खाली घेतलं तर ३८ अंशांवरच टेकेल.

आता ओझं टाका. आष्टी, कडा, पाटोद्याकडे बाईकला दोन्ही बाजूंनी दुधाचे कॅन लावून जाणारी माणसं तुम्ही पाहिलीच असतील. ४० लिटरचे दोन कॅन भरले की ८० किलोच्या वर वजन नुसतं दुधाचं. त्याने गाडी आणखी ३० मिमी बसली असं धरलं तर ३८ चे ३५ झाले. दुसरीकडे, २० मीटर त्रिज्येच्या वळणात ताशी ४० किलोमीटरने गेलात तर गाडीला साधारण ३२ अंश झुकावंच लागतं. ४१ मधून ३२ गेले तर ९ अंशांची उसंत असते. ३५ मधून फक्त ३ ची. त्यात खड्डा आला की शॉकअप आणखी दबतो.

तुमच्या गाडीचा कोन मोबाईलवर मोजता येतो. दोन्ही चाकं जमिनीला जिथे टेकतात ते बिंदू खडूने सरळ रेषेत जोडा. तुम्ही गाडीवर बसा, मित्राने एक सरळ काठी फूटरेस्टच्या टोकाच्या खालून त्या खडूच्या रेषेपर्यंत तिरकी धरायची आणि काठीवर मोबाईल ठेवून लेव्हलचं ॲप उघडायचं. दिसेल तो आकडा म्हणजे तुमची हद्द, तीही कागदावरची.

बऱ्याच गाड्यांत फूटरेस्ट बिजागरीवर वर दुमडतो. ते उगाच नसतं: टोक टेकलं तर ते दुमडावं आणि गाडी सरळ करायला तुम्हाला क्षणभर मिळावा. वेल्डिंग करून पक्का केलेला फूटरेस्ट टेकला तर दुमडत नाही, पहारीसारखा गाडीला उचलतो आणि मागचं चाक रस्ता सोडतं. म्हणून दुमडणारा पेग वेल्ड करणं मी पूर्ण बाद ठरवतो, कुणी कितीही 'काही होत नाही' म्हणो.

मग शेवटी काय केलं

वाकवलेला पाइप भंगारात दिला आणि कंपनीचा नवीन आणला. आधी सीटवाल्याकडून १५ मिमी फोम वाढवून घेतला. हाच मार्ग मी सगळ्यांना पहिला सांगतो, कारण त्यात वळणातली जागा जात नाही, ब्रेकला हात लावावा लागत नाही आणि नाही आवडलं तर परत काढता येतो. एकच अट: सिग्नलला दोन्ही पाय नीट टेकले पाहिजेत. माझे टेकतात. साडेपाच फुटांच्या माणसाने हे करू नये, पण त्याला बहुधा गुडघ्याचा त्रासही नसतो.

मग पाइपच्या खाली येणाऱ्या प्रत्येक बोल्टपाशी १२ मिमीचा लोखंडी स्पेसर, लेथवर करून घेतलेला. बोल्ट तितकेच, म्हणजे १२ मिमीनेच लांब. जुनेच बोल्ट वापरले तर आट्यांमध्ये चारच फेरे अडकतात आणि एखाद्या खड्ड्यात ते सुटतात. काही गाड्यांत तर ते थेट इंजिनाच्या ॲल्युमिनियम केसिंगमध्ये जातात, तिथले आटे गेले की मोठा खर्च. बोल्टच्या डोक्यावर ८.८ कोरलेलं बघून घ्या.

पाइप इंजिनाखालून जात असल्याने १२ मिमी जागा तिथेही कमी झाली. स्प्लेंडरसारख्या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स १६५ मिमी असतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे गतिरोधक १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा, पण आमच्याकडे गावोगावचे गतिरोधक कुणी टेप लावून केलेले नाहीत. साइड स्टँड त्याच पाइपला असेल तर तोही खाली येतो आणि गाडी जास्त उभी राहते. माझी एकदा वाऱ्याने पलीकडे पडली, तेव्हा स्टँडचं टोक थोडं घासून घेतलं.

एकूण २७ मिमी. कोन ८० वरून ८४ झाला, झुकण्यातला जेमतेम सव्वा अंश गेला.

कायद्याचं थोडक्यात: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये ते स्पष्ट केलं, आणि कलम १८२अ(४) प्रमाणे बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. फूटरेस्टच्या उंचीची नोंद आरसीवर नसते, तरी चेसी कापणं, चेसीला वेल्डिंग करणं टाळाच. बदल मूळ भोकांवर, नटबोल्टनेच करा आणि जुना भाग जपून ठेवा. शंका असेल तर एमएच-२३ वाल्यांनी बीडच्या, एमएच-४४ वाल्यांनी अंबाजोगाईच्या आरटीओत आधी विचारून घ्यावं. मागे बसणाऱ्याचे फूटरेस्ट आणि साडी गार्ड काढू नका, ते नियमानेच लागतात.

काम झाल्यावर पहिले दोन दिवस गावातच चालवा. पाय जुन्या जागी ब्रेक शोधत राहतो, ती सवय मोडायला वेळ लागतो. शंभर किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळा. माझा डावीकडचा मागचा बोल्ट अर्धा फेरा ढिला निघाला होता.