लाल दिव्याआधीचा काटा

जुन्या मोटारीच्या डॅशबोर्डखाली लोखंडी पट्टीवर मागाहून बसवलेली दोन-तीन गोल मीटरे दिसली, की ती आधी उतरवायची, अशी आज जुन्या गाड्या नव्याने उभ्या करणाऱ्यांची रीत आहे. गाडी ‘कंपनीतून आली तशी’ हवी, हे त्यामागचे कारण. मला या लेखात त्या उपऱ्या मीटरांची बाजू मांडायची आहे.

बंद यंत्राच्या पोटात काय चालले आहे हे काट्यावरून वाचण्याची सवय मोटारीहून जुनी आहे. 1849 मध्ये पॅरिसच्या यूजेन बूर्दाँने दाबमापकाचे पेटंट घेतले. चपटी, वाकवलेली पितळी नळी आतला दाब वाढला की सरळ होऊ पाहते आणि काटा फिरवते, एवढेच त्याचे तत्त्व. गिरण्यांच्या सोलापुरात बॉयलरवरचा हा काटा कामगारांच्या रोजच्या नजरेतला होता. मोटारीतल्या जुन्या ऑइल प्रेशर मीटरातही तीच नळी असते. इंजिनातले तेल बारीक तांब्याच्या पाइपातून थेट डॅशबोर्डपर्यंत येते.

मोटारीत जादा मीटर बसवण्याची हौसही जुनीच. पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे अमेरिकेत ‘बॉइस मोटोमीटर’ फार खपले. रेडिएटरच्या झाकणावर बसवलेला हा तापमापक चालकाला काचेतून समोर दिसे. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपला तर वेग, पेट्रोल, पाण्याचे तापमान, तेलाचा दाब आणि ॲम्पियर अशी पाच मीटरे कंपनीतूनच होती. उलट 1930 च्या दशकात अमेरिकेच्या हडसन कंपनीने तेल आणि चार्जिंगच्या काट्यांऐवजी लाल दिवे दिले. दिवा स्वस्त, आणि तो वाचायला शिकावे लागत नाही. पुढे घरगुती गाड्यांतून हीच पद्धत रुळली.

इथे ही गोष्ट सोलापूरला येऊन मिळते. 1882 मध्ये सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी डॉज-प्लिमथ आणि पुढे 1954 पासून फियाट 1100 बाहेर पडू लागली. लोकांनी तिला ‘डुक्कर फियाट’ म्हटले. 1964 ची डिलाइट, मग प्रेसिडेंट आणि पद्मिनी या तिच्याच वंशातल्या. 1089 सीसीची ही गाडी, पण तिच्या तेलाच्या दाबाची आणि डायनामोच्या चार्जिंगची खबर द्यायला डॅशबोर्डवर फक्त दिवे.

दिवा खोटे बोलत नाही, पण उशिरा बोलतो. चालत्या इंजिनात तेलाचा दाब साधारण चाळीस-पन्नास पौंड असतो. दिवा लागतो तो पाच-सात पौंडांवर आल्यावर. दाब पन्नासावरून वीसवर घसरला तरी दिवा गप्पच. काटा मात्र हे रोज थोडे थोडे सांगतो: बेअरिंग झिजत आहेत, तेल पातळ झाले आहे. ज्या काळात नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे आणि परदेशी सुटे भाग दुर्मिळ होते, त्या काळात आठवडाभर आधी कळणे म्हणजे इंजिन वाचणे होते.

नवी पेठेतल्या एका व्यापारी घराण्याची डिलाइट मी पाहिली आहे. डॅशबोर्डखाली तीन मीटरे: तेल, तापमान, ॲम्पियर. अशी मीटरे पुष्कळदा नुसती शोभेची असतात, म्हणून मी पाइप आणि वायर शेवटपर्यंत तपासत गेलो. तेलाच्या दिव्याच्या स्विचपाशी टी-जोड देऊन दिवा आणि काटा दोन्ही चालू ठेवले होते. तापमानाच्या काचेवर वरच्या टोकाकडे कुणीतरी लाल रंगाची बारीक रेघ ओढलेली होती. इथल्या मे महिन्यात पारा त्रेचाळीसपर्यंत जातो आणि तुळजापूरचा घाट भरल्या गाडीने चढायचा असतो. कुठे थांबायचे, हे ती रेघ सांगत होती. गाडीच्या आरसी बुकात यातले काहीही नाही. मालकाने गाडी कशी वापरली, मिस्त्रीने ती कशी समजून घेतली, याची नोंद त्या पट्टीवरच आहे.

आता प्रश्न निकडीचा झाला आहे. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळू शकतो. डिलाइट त्या वयात आली आहे. ‘मूळ रूप’ या शब्दाच्या धास्तीने मीटरे उतरू लागली आहेत. पण त्या नियमांचा आक्षेप चासी, बॉडी आणि इंजिन यांतल्या मोठ्या बदलांना आहे. डॅशबोर्डखालची पट्टी त्यात बसत नाही. जुन्या वाहनांच्या जागतिक संघटनेची ट्यूरिन सनदही गाडीला तिच्या जन्मदिवसाच्या रूपात परत नेण्याचा आग्रह धरत नाही.

एक पथ्य मात्र पाळावे. ॲम्पियर मीटरातून गाडीचा जवळजवळ सगळा करंट जातो. जुनी जाड वायर सैल असली तर आग लागू शकते. ती बदलावी, किंवा मीटर जागेवर ठेवून जोडणी तेवढी काढावी. आणि पट्टी उतरवावीच लागली, तर आधी फोटो घ्यावेत, पाइप कुठून कुठे गेला ते लिहून ठेवावे आणि मीटरे गाडीच्या कागदांसोबत जपावीत. कुर्ल्याहून गाडी कशी निघाली, हे कंपनीच्या पुस्तिकेत सापडते. सोलापुरात ती कशी जगली, हे सांगणारा दुसरा कागद आपल्याकडे नाही.