बदलीचे गाव आणि शिक्षणाचे माप

लोणारहून मंठ्याला जाताना जिल्हा बदलतो आणि विद्यापीठही बदलते. लोणार संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत, तर मंठा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या. 1956 पूर्वी ही हद्द दोन राज्यांची होती. लोणार तेव्हा मध्य प्रदेशात, नागपूर विद्यापीठाकडे. मंठा हैदराबाद राज्यात, जिथले विद्यापीठ उस्मानिया. पुढे 1983 साली अमरावतीला स्वतंत्र विद्यापीठ झाले आणि लोणारचा विद्यार्थी जागचा न हलता नागपूरचा अमरावतीकर झाला. अशा वेळी विद्यार्थ्यांची सोय कायदाच लावून देतो. विद्यार्थी स्वतः हलला, की मात्र कागदपत्रांचा सारा भार त्याच्यावर येतो.

सैनिकाच्या घरात हे वारंवार घडते. शाळेपुरता उपाय 1963 साली निघाला. पलटणींच्या 20 शाळा केंद्राने आपल्याकडे घेतल्या आणि केंद्रीय विद्यालये सुरू झाली. अभ्यासक्रम सर्वत्र एकच, त्यामुळे बदलीने वर्ष बुडत नाही. महाविद्यालयांना ही युक्ती लागू पडत नाही, कारण प्रत्येक विद्यापीठाचा अभ्यासक्रम वेगळा. 1925 सालच्या आंतरविद्यापीठ मंडळाने परस्परांच्या पदव्या मान्य करण्याची वाट घालून दिली खरी. पण ती पुऱ्या झालेल्या पदवीसाठी. अर्ध्या पदवीचे काय करायचे?

अर्धे मोजायचे तर माप हवे. ते अमेरिकेत घडले, आणि तेही पेन्शनच्या हिशेबातून! अँड्र्यू कार्नेगी यांनी 1905 साली प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी 1 कोटी डॉलर दिले. लाभ कोणत्या महाविद्यालयांना द्यायचा? प्रवेशासाठी माध्यमिक शाळेतील 14 एकके मागणाऱ्यांना, असे ठरले. एका विषयाचे सुमारे 120 तास म्हणजे एक एकक. महाविद्यालयांतले क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, याच विचाराचे भावंड. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे सैनिकी प्रशिक्षणाचेही क्रेडिटमध्ये रूपांतर होऊ लागले. माप सोयीचे आहे, पण ते वेळ मोजते, ज्ञान नव्हे. पायलीने धान्य मोजता येते, त्यातले खडे दिसत नाहीत. म्हणूनच एका विद्यापीठाचे क्रेडिट दुसरे विद्यापीठ सहजी स्वीकारत नाही.

आपल्याकडे 2021 साली विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’चे नियम केले. क्रेडिट खात्यात जमा होते आणि साधारणपणे सात वर्षे टिकते. मात्र पदवी देणाऱ्या संस्थेत निम्मी क्रेडिट मिळवलेली असावीत, अशी अट त्या नियमांत घातली गेली. आता गणित करून पाहा. तीन वर्षांच्या पदवीला 120 क्रेडिट, वर्षाला 40. जवानाची मुलगी पहिले वर्ष लोणारला, दुसरे अंबाल्याला आणि तिसरे पुण्याला शिकली, तर तिन्ही ठिकाणी 40च. खात्यात 120 पूर्ण, पण कोणाकडेच 60 नाहीत! ज्यांची बदली सर्वांत जास्त, त्यांनाच ही अट सर्वांत जाचक ठरते. माझ्या मते बदलीच्या नोकरीतील कुटुंबांसाठी तिला अपवाद हवा.

तोवर शिक्षकांच्या हाती एक गोष्ट आहे. अशी विद्यार्थिनी गाव सोडताना गुणपत्रिका आणि स्थलांतर प्रमाणपत्राबरोबर त्या वर्षीच्या अभ्यासक्रमाची, प्रयोगांच्या यादीसह, शिक्का मारलेली प्रत तिला द्यावी. समकक्षता ठरवणारा विषयाच्या नावापाशी थांबत नाही; त्यातले घटक ताडून पाहतो, आणि जुना अभ्यासक्रम दोन वर्षांनी शोधू गेल्यास महाविद्यालयातही मिळेलच असे नाही.