पोटॅशियम-न्यूनता, पर्युदर डायलिसिसमधील

पोटातून डायलिसिस (पाहा : अपोहन) घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातील पोटॅशियम लिटरमागे ३.५ मिलिमोलपेक्षा कमी होणे. डायलिसिसच्या नेहमीच्या द्रावात पोटॅशियम नसते. दोन लिटरच्या पिशवीतला द्राव पोटात चार-सहा तास राहतो, तेवढ्यात रक्तातले पोटॅशियम द्रावात उतरते आणि निचऱ्याबरोबर जाते. द्रावातील ग्लुकोजमुळे वाढलेले इन्शुलिन उरलेले पेशींत ढकलते. भूक मंदावली की भरपाईही होत नाही. लक्षणे : पायांत अशक्तपणा, बद्धकोष्ठ, हृदयाचे अनियमित ठोके. अशा रुग्णांत पर्युदरशोथही (पाहा : पर्युदरशोथ) अधिक आढळतो. मूत्रपिंडरुग्णाला केळी वर्ज्यच, हा सरसकट समज येथे घातक ठरू शकतो. शहादा (जि. नंदुरबार) भागात मुबलक पिकणाऱ्या केळ्यात १०० ग्रॅममागे सुमारे ३६० मिग्रॅ. पोटॅशियम असते, पपईत साधारण निम्मे. मात्र प्रमाण रक्त तपासून डॉक्टरच ठरवतात.