महिलांचे केस गळतात तेव्हा डॉक्टर नेमकं काय तपासतात?

सोलापुरात केस गळायला लागले की पहिला दोष बोअरच्या पाण्याला दिला जातो. मग शाम्पू बदलतो, तेल बदलतं. क्षारांच्या पाण्याने केस राठ होतात, मध्येच तुटतात. मुळापासून गळण्याचं कारण मात्र बहुतेक वेळा वेगळं असतं. फरक घरीही कळतो: मुळासकट आलेल्या केसाच्या टोकाला बारीक पांढरा ठिपका असतो, तुटलेल्या केसाला नसतो.

रोज 50 ते 100 केस गळणं नैसर्गिक आहे. त्याहून जास्त गळत असतील तर त्वचारोगतज्ज्ञ आधी मागच्या तीन-चार महिन्यांबद्दल विचारतात. बाळंतपण, डेंग्यू, टायफॉईड, ऑपरेशन, कडक डाएट अशा ताणानंतर बरेच केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. तोवर ताप विसरलेला असतो, त्यामुळे संबंध लक्षात येत नाही. हे गळणं सहसा सहा महिन्यांत आपोआप थांबतं.

दुसरा प्रकार जास्त फसवा. कंगव्यात केस फार येत नाहीत, पण भांग रुंद होत जातो. हे आनुवंशिक विरळपण 1977 सालच्या लुडविग पट्टीवर मोजतात. तिच्या तीन पायऱ्या आहेत: भांगाजवळ थोडं विरळ, स्पष्ट विरळ आणि माथ्यावर जवळपास टक्कल. कपाळावरची केसांची रेषा बहुधा शाबूत राहते. गोल चकती पडली तर चाई. कानशिलाजवळ विरळ झालं तर घट्ट वेणी किंवा अंबाडा. त्वचा गुळगुळीत होऊन केसांची छिद्रंच दिसेनाशी झाली, तर उशीर अजिबात नको. तिथे केस पुन्हा येत नाहीत आणि बायोप्सी लागू शकते.

तपासताना डॉक्टर 50-60 केसांची बट हलकेच ओढतात. दहा टक्क्यांहून जास्त केस हातात आले तर गळती चालू आहे. रक्तात हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉईड पाहतात. पाळी अनियमित असेल किंवा चेहऱ्यावर लव वाढली असेल तर हार्मोन्सही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या सुमारे 54 टक्के महिलांना रक्तक्षय आढळला होता. हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, कमी असू शकतो. केसांसाठीच्या बायोटिनच्या गोळ्या थायरॉईडचा रिपोर्ट चुकवू शकतात, त्या घेत असाल तर आधीच सांगा.

गळण्याचा वेगही बरंच सांगतो. जानेवारी 2025 मध्ये बुलढाण्यातल्या शेगाव परिसरात काही दिवसांतच अनेकांना टक्कल पडलं. तिथेही संशय आधी पाण्यावरच गेला. नंतर डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या तपासणीत तिथल्या गव्हात सेलेनियमचं प्रमाण खूप जास्त आढळलं.

सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये त्वचारोग विभाग आहे. जाताना डोक्याला तेल लावू नका. जुने रिपोर्ट, चालू गोळ्या आणि भांग दिसेल असा वर्षभरापूर्वीचा एखादा फोटो सोबत न्या.